आई नसलेल्या मुलींची पुस्तकं

पेठेतल्या त्या वाचनालयात येणारा माणूस पुस्तकाचं नाव क्वचितच सांगायचा. ‘कायतरी चांगलं द्या की ताई’ एवढं म्हणून काउंटरवर कोपर टेकायचा आणि रस्त्यावरची गंमत बघत उभा राहायचा. पुढचं काम विमलाताईंचं. समोरच्याचं तोंड बघून, मागचं पुस्तक त्यानं वाचलं की नुसतं उशाशी ठेवलं याचा अदमास घेऊन त्या उठायच्या आणि आतल्या कपाटातून नेमकं पुस्तक काढून आणायच्या. एका निवृत्त फौजदाराला त्यांनी पाककृतींच्या पुस्तकांचं वेड लावलं होतं आणि पापड लाटून घर चालवणाऱ्या बनाबाईंना शिकारकथांचं. बनाबाई चारचौघींत सांगायच्या, मला काय आवडतं ते माझ्या नवऱ्याला ठाऊक न्हाय, पण ताईंना ठाऊक हाय. असलं कौतुक विमलाताईंना मनापासून आवडायचं, आणि आवडत नाही असा चेहरा करून त्या ते ऐकायच्या.

पंचेचाळिशी उलटली होती. लग्न केलं नव्हतं, वडील मास्तर होते ते गेल्यावर दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. स्वभाव ताठ. वाचनालयात त्यांचे स्वतःचे काही नेम होते. एकाचं वाचन दुसऱ्याला सांगायचं नाही, मग ते नवरा-बायको का असेनात. आणि घरात मोठं आजारपण असेल, तर ज्यात कुणी मरतं असं पुस्तक त्या घरी जाऊ द्यायचं नाही. हा दुसरा नेम पाळताना त्यांच्या नाकी नऊ यायचे, कारण आमच्या कादंबऱ्यांत माणसं मरतात फार. म्हातारा वाचला तर नायिका जाते, नायिका वाचली तर निदान बैल तरी जातोच. तरी विमलाताई शेवटची पानं चाळत बसायच्या आणि प्रवासवर्णनं, विनोदी कथा, चोर शेवटी सापडतो अशा रहस्यकथा शोधून काढायच्याच. हे त्यांचं काम पेठेत सगळ्यांना माहीत होतं.

म्हणूनच सत्त्याण्णव साली गणपती उठल्यावर वीरेश पट्टणशेट्टी वाचनालयात आला. लक्ष्मीपुरीत त्याचं धान्याचं दुकान होतं. रांगडा, मोठ्या आवाजाचा गडी. पोत्यांच्या थप्पीमागून बोलला तरी रस्त्यापलीकडं ऐकू जायचं. त्या दिवशी मात्र तो इतक्या हळू बोलला की विमलाताईंना पुढं वाकून ऐकावं लागलं. त्याच्या बायकोला, दानेश्वरीला, मिरजेच्या दवाखान्यात तपासून आणलं होतं. पोटातली गाठ साधी नव्हती. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं की औषधं चालू ठेवू, पण वर्ष काही निघणार नाही. दानेश्वरीला त्यानं सांगितलं होतं की आतड्याला सूज आहे, औषधानं उतरेल.

त्याची मागणी एवढीच होती, की तिच्या हाती मरणाचं काही पडू नये. परवाच्या कादंबरीत एक बाई अशाच दुखण्यानं गेली होती आणि दानेश्वरी ते पान उघडं ठेवून छताकडं बघत पडली होती म्हणे. विमलाताईंनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. काळजी करू नका, म्हणाल्या, एकही पुस्तक तसलं येणार नाही. तो गेला तेव्हा त्यांना रडू आलं, आणि त्या आकारामला, म्हणजे वाचनालयाच्या शिपायाला, उगाच धुळीवरून बोलल्या.

दानेश्वरी त्यांच्या हातची वाचक होती. गडहिंग्लजच्या बाजूची, घरात कन्नड, शाळाही कन्नड आणि तीही सातवीपर्यंतच. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा तिला मराठी बोलता यायचं, वाचता मात्र अडखळत यायचं. विमलाताईंनी तिला मुलांच्या कपाटापाशी नेलं होतं. विशीतली नवी सून, गळ्यात मंगळसूत्र, आणि हातात मोठ्या अक्षरांचं सशाचं पुस्तक! ती ते घरी जाऊन मोठ्यानं वाचायची. पुढं ती भल्यामोठ्या कादंबऱ्यांपर्यंत चढली, पण आवाज न करता वाचायला तिला कधी जमलं नाही. शिवांजली झाली, मोठी झाली, तिसरीत गेली, तरी संध्याकाळी दिवे लागले की लेकीला शेजारी घेऊन तिचीच पुस्तकं ती मोठ्यानं वाचायची. हे सगळं विमलाताईंना ठाऊक होतं. कधीतरी कौतुकानं दानेश्वरीनंच सांगितलं होतं. पण पुढं नेमक्या वेळी त्यांना ते आठवलं नाही.

वीरेश दर आठवड्याला दुकान बंद असेल त्या दिवशी यायचा. दानेश्वरीसाठी विमलाताई हसरी पुस्तकं काढून ठेवायच्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण हुशार माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही. त्यांना वाटलं, आईचं झालं, पण त्या पोरीचं काय? तिला तर कुणी काहीच सांगणार नाही, आणि एके दिवशी आभाळ कोसळेल. तिची थोडी तयारी व्हायला हवी. हे त्यांना वीरेशनं सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याला विचारलंही नाही. मुलांच्या कपाटातून त्यांनी आपल्या मनानं पुस्तकं निवडायला सुरुवात केली. एका पुस्तकात एसटी ड्रायव्हरची मुलगी होती, आई नसलेली, बापाबरोबर गावोगाव फिरणारी. एकात कुंभाराची पोर धाकट्या भावाला सांभाळत होती. एकात मावशीकडं राहायला आलेली मुलगी आधी रुसते आणि मग रमते. सगळ्या पोरी शहाण्या, कष्टाळू, आणि शेवटी सुखात. विमलाताईंना आपल्या या युक्तीचा मनातून अभिमान वाटला होता. आईची आणि लेकीची पुस्तकं त्या एकाच पिशवीत भरून वीरेशच्या हाती द्यायच्या आणि तो ती पिशवी सांभाळून घरी न्यायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी, वाचनालयात चिटपाखरू नसताना, दारात रिक्षा थांबली आणि दानेश्वरी उतरली. विमलाताईंनी आधी तिला ओळखलंच नाही. अंगावरची साडी तिच्या देहाला मोठी झाली होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. आकारामनं धावत जाऊन खुर्ची आणली. पाणी पिऊन झाल्यावर दानेश्वरीनं त्याला रिक्षावाल्याशी बोलत बसायला बाहेर धाडलं आणि पिशवीतली लेकीची पुस्तकं काढून टेबलावर ठेवली.

“पोरीची पुस्तकं कोण निवडतंय, ताई?”

“मीच निवडते. का गं, आवडली नाहीत का तिला?”

“आवडली की. पण एकीलाबी आई न्हाय.”

विमलाताई घाईघाईनं बोलत सुटल्या. मुलांच्या गोष्टीत असंच असतं, आई घरात असली तर पोरं घराबाहेर पडणार कशी, म्हणून लेखक आधी आईला बाजूला काढतात, वगैरे. गंमत अशी की त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दानेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की आधी इतकी वर्षं तुम्ही शिवांजलीला असली देत नव्हता, या गोष्टी सुरू झाल्या ते मला दवाखान्यातून आणल्यापासून. माझ्या पुस्तकात कुणी मरत नाही आणि तिच्या प्रत्येक पुस्तकात आईच मेलेली, हे वाचून वाचून माझ्या घशाला कोरड पडली. हे सांगताना ती अजिबात चिडलेली नव्हती, आणि तेच विमलाताईंना सोसेना.

“किती दिवस सांगितल्यात त्यास्नी?” तिनं विचारलं.

“मला नाही गं माहीत,” विमलाताई म्हणाल्या.

तोपर्यंत दानेश्वरीला नुसता संशय होता. किती दिवस हे माहीत नाही म्हणणाऱ्या बाईला बाकीचं सगळं माहीत होतं, हे कळायला तिला क्षणही लागला नाही. तिनं मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि बालविभागाच्या बुटक्या कपाटाकडं बघितलं. विमलाताईंना वाटलं, आत्ता उठून हिच्या पाया पडावं. त्यांनी तसं केलं नाही. ताठपणा असल्या वेळीही सुटत नाही. चुकलं माझं, एवढं मात्र त्या म्हणाल्या.

दानेश्वरीला माफीशी काही घेणं नव्हतं. तिला दुसरंच सांगायचं होतं. नवऱ्याला यातलं कळू द्यायचं नाही, हे पहिलं. तो घरी येताना जिन्यात थांबतो, पावलांचा आवाज मधेच बंद होतो, आणि मग तोंड नीट करून, शीळ घालत वर येतो. त्याला वाटतं मला कळत नाही. “त्यास्नी झेपायचं न्हाय ताई. मला ठावं हाय म्हणून कळलं तर त्ये दुकानात बसायचे न्हाईत, जेवायचे न्हाईत. चाललंय तसं चालू द्या.”

आणि दुसरं लेकीचं. दानेश्वरीच्या भावाचा निरोप येऊन गेला होता की पोरीला आजोळी धाडा, तुझी तब्येत सुधारेपर्यंत आम्ही सांभाळतो. वीरेश हो म्हणायच्या बेतात होता. पुरुषमाणसाला एकट्याला पोर कशी जमणार, असं त्याचं गणित. पोर आत्ता गेली की परत यायची नाही, हे दानेश्वरीला दिसत होतं. भावाचा मुलगा सातआठ वर्षांनी मोठा. त्यांच्यात मामाच्या घरात मुलगी देतात, आणि भावानं तर पोर पाळण्यात असतानाच तसं बोलून ठेवलं होतं. “माझी शाळा सातवीत बंद केली. ती का बंद केली म्हणून कुणी भांडलं न्हाय माझ्यासाठनं. शिवूला तिकडं धाडायची न्हाय. तिनं बापाजवळच ऱ्हायचं, हितंच शिकायचं. करपलेली भाकरी खाईल, पण हितंच.”

मग हे आजच त्यांना सांग, विमलाताई कळवळून म्हणाल्या. हे सांगायचं तर मला कळलंय हेही सांगावं लागेल, दानेश्वरी म्हणाली. माझ्या माघारी पोरीचं काय करायचं, असं बरी होणारी बाई कशी बोलेल? संक्रांत होऊ दे, अंगात जरा बळ येऊ दे, मग मी माझ्या तोंडानं सांगेन. तुमच्यापाशी नुसतं बोलून ठेवते, कुणापाशी तरी बोलायला हवं. आणि तिनं विमलाताईंचा हात धरून वचन घेतलं. विमलाताईंनी ते दिलं. उभ्या जन्मात एकाचं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं, तर हे वचन द्यायला त्यांना काय जड होतं!

पुढच्या आठवड्यात त्यांनी शिवांजलीसाठी आईबाप दोन्ही धडधाकट असलेली पुस्तकं दिली. वीरेश आठ दिवसांनी ती परत घेऊन आला आणि म्हणाला, दानेश्वरी म्हणत होती पोरीला पहिल्यासारखीच द्या, तीच बरी होती. त्याला काही उमगलं नव्हतं. बायका पुस्तकांच्या बाबतीत चोखंदळ असतात असं काहीतरी बोलून तो स्वतःच हसला. विमलाताई कपाटापाशी गेल्या, कुंभाराच्या पोरीचं पुस्तक पुन्हा काढलं आणि त्याच्या पिशवीत घातलं. आईला ही पुस्तकं आता कशासाठी हवी आहेत ते त्यांना कळलं होतं, आणि ज्याच्या हातून ती जात होती त्याला ते सांगता येत नव्हतं.

संक्रांत आली आणि गेली. वीरेश येतच होता. सांगायचा, रात्री पुस्तक वाचून अशी हसती, अशी हसती, की शेजारचे विचारतात काय झालं. डॉक्टरापेक्षा तुमचं औषध लागू पडतंय बघा. विमलाताई पुस्तकावर तारखेचा शिक्का मारायच्या. एकदा त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. दानेश्वरी तुमच्याशी काही बोलल्या का, एवढं त्यांनी विचारलंही. काय बोलणार, तो म्हणाला, उन्हाळ्यात बरी झाल्यावर माहेरी जायचं म्हणत होती. दिलेला शब्द पाळते आहे असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. पण खरं सांगायचं तर शब्द पाळणं सोपं होतं आणि मोडणं अवघड, म्हणून त्या पाळत होत्या. आपलं एक नाक खुपसणं अंगाशी आल्यावर दुसरं खुपसायची त्यांची छाती नव्हती.

शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात दानेश्वरीला ताप भरला आणि शुद्ध हरपली. त्यानंतर ती बोललीच नाही. तिच्या मरणाची बातमी कळल्यावर विमलाताई गेल्या तेव्हा त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणं तिचा देह बसता ठेवला होता, कपाळाला विभूती, गळ्यात हार. बायका कन्नडमध्ये गात होत्या. वीरेश भिंतीला टेकून बसला होता आणि शिवांजली त्याच्या गुडघ्याला चिकटून. पोर रडत नव्हती. विमलाताईंना तिच्याकडं बघवेना.

परीक्षा संपल्यावर, एप्रिलातल्या उन्हात, बापलेक पिशवी घेऊन वाचनालयात आले. पिशवीत राहिलेली पुस्तकं होती आणि दोघींची कार्डं. वीरेशची दाढी वाढली होती. त्यानं लेकीला सांगितलं, जा, तुझं कपाट बघून ये एकदा. ती बालविभागात गेल्यावर तो म्हणाला की दोन्ही कार्डं बंद करून टाका. पोरीला गडहिंग्लजला मामाकडं पोचवायचं ठरलंय, उद्याच्याच एसटीनं. तिकडंच शाळेत घालतील. मला काय जमतंय तिचं.

मग त्यानं हात जोडले. “तुमचं उपकार हायत माझ्यावर, ताई. शेवटपत्तोर तिला कळलं न्हाय. हसतखेळत गेली. पोरीचं काय करायचं ह्ये विचारायचं लई मनात हुतं, पण तिला ठावंच न्हाय म्हटल्यावर विचारू कसं? आता तेवढंच समाधान हाय, की तिला कळलं न्हाय.”

विमलाताईंनी कार्डं हातात घेतली. त्या क्षणी त्यांना त्या माणसाची जितकी कीव आली तितकी जन्मात कुणाची आली नसेल. एवढं एक समाधान होतं त्याच्यापाशी आणि तेही आपण काढून घ्यायचं. न सांगितलं तर पोर उद्या एसटीत बसेल. मेलेल्या बाईला दिलेलं वचन, जिवंत माणसाचं समाधान आणि नऊ वर्षांची पोर. त्यांनी कार्डं टेबलावर ठेवली आणि दिवाळीनंतरच्या त्या दुपारचं सगळं सांगितलं. आपल्या युक्तीपासून सांगितलं, स्वतःला कुठंही झाकलं नाही. शिवूला तिकडं धाडायची नाही, हितंच शिकायचं, हे दानेश्वरीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. भाकरी करपली तरी चालेल, हेही.

वीरेश ओरडेल, टेबलावर हात आपटेल अशी विमलाताईंची अपेक्षा होती. त्यांनी तेवढी मनाची तयारीही केली होती. त्यानं फक्त दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचे महिने बोटांवर मोजले.

“म्हंजे ती हसत हुती ती...”

“तुमच्यासाठी,” विमलाताई म्हणाल्या.

“आनि माझ्याबद्दल काय म्हणाली?”

इथं त्याला काहीही सांगता आलं असतं. दुखऱ्या माणसाला काय ऐकायला आवडतं ते विमलाताईंइतकं पेठेत कुणाला कळत नव्हतं. पण आता त्यांना असलं काही निवडून द्यायची शिसारी आली होती.

“तुम्हाला झेपायचं नाही, एवढंच म्हणाल्या.”

शिवांजली कपाटापासून परत आली होती आणि बापाच्या खुर्चीपाशी उभी होती. कधीपासून, ते दोघांनाही कळलं नव्हतं. वीरेशनं तिच्याकडं बघितलं, आणि विमलाताईंना एकदम कळलं की आता तो काय विचारणार आहे.

“तुला ठावं हुतं?”

पोरीनं मान डोलावली. “अव्वानं सांगितलंतं. गोष्ट वाचताना. संक्रांतीच्या आधीच.” मग एखादी चूक कबूल करावी तशा आवाजात ती म्हणाली, “अप्पांना सांगायचं न्हाय म्हणाली हुती. त्येंच्यासमोर रडायचं बी न्हाय.”

वीरेशनं तिला जवळ ओढलं नाही. त्याला ते सुचलंच नसावं. घरात तीन माणसं होती, त्यातल्या दोघी त्याला सांभाळत होत्या, आणि जिन्यात उभा राहून तोंड नीट करणारा तो एकटाच काही न कळलेला होता. बाहेर आकाराम कुणाला तरी सायकल बाजूला घे म्हणून ओरडत होता.

“आता रडलं तर चालतंय व्हय, अप्पा?” शिवांजलीनं विचारलं.

विमलाताईंनी उठून वाचनालयाचं दार लोटलं आणि आतून कडी घातली. अर्ध्या तासानं वीरेशनं दाराकडं जाताना टेबलावरचं लेकीचं कार्ड उचललं आणि खिशात घातलं. दानेश्वरीचं तिथंच राहिलं.